नोकरी सोडून भोसरीत मशिन शॉप (सुटे भाग बनवायचं वर्कशॉप) टाकलं त्याला सात वर्षं झाली, अनुभव लिहितोय

मायक्रॉन:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

गेल्या दोन महिन्यांत जुन्या कंपनीतल्या तिघांचे फोन आले, प्रश्न एकच, सोडू का? एकाने तर राजीनामा टाईप करून ड्राफ्टमध्ये ठेवलाय. प्रत्येकाशी तासतासभर बोललो आणि दरवेळी काहीतरी सांगायचं राहिलंच, म्हणून इथे सगळं एकत्र लिहितो.

मी डिप्लोमा मेकॅनिकल. २००१ च्या जूनमध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या एका मोठ्या ऑटो पार्ट कंपनीत लागलो, क्वालिटीला. शेवटची आठ वर्षं सप्लायर क्वालिटी बघत होतो, म्हणजे भोसरी, चाकण, तळवडे इथल्या व्हेंडरकडे जायचं, त्यांचे जॉब, म्हणजे मशिनवर काढलेले सुटे भाग, तपासायचे, रिजेक्शन झालं की त्यांच्याकडून कारणं लिहून घ्यायची. शेकडो शॉप आतून बघितली. कुठली मशिन कशी चालते, सेटर (मशिन जुळवून देणारा) किती वेळ घेतो, इन्सर्ट (धातू कापणारं टोक) किती जॉब काढतो, सगळं माहीत होतं. त्यामुळे मला मनापासून वाटायचं की शॉप चालवणं आपल्याला जमणार. व्हेंडरच्या केबिनमध्ये चहा पीत त्याला सतरा प्रश्न विचारायचो पण आमच्या कंपनीकडून तुमचे पैसे आले का हे आठ वर्षांत एकालाही विचारलं नाही. ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

३० सप्टेंबर २०१८ हा शेवटचा दिवस. ग्रॅच्युइटीचा हिशेब तेव्हा सोपा होता, शेवटचं बेसिक गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. माझं बेसिक ४५ हजार, १७ वर्षं, म्हणजे ४ लाख ४१ हजार मिळाले. एफडी आणि फंड मोडून ११ लाख, मोठ्या भावाने ३ दिले. पीएफला हात लावायचा नाही ही बायकोची अट होती, ती पाळली.

आता चूक सांगतो. नवीन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशिन) घेतली, २४ लाख आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २८ लाख ३२ हजार. बँकेने २० लाख दिले, ५ वर्षं, ११ टक्के, हप्ता साडेत्रेचाळीस हजार. बाकीचे खिशातून. एक जुनी टर्निंग सेंटर (कॉम्प्युटरवर चालणारं लेथ) सव्वापाच लाखाला घेतली. गाळ्याचं डिपॉझिट, थ्री फेजचं वायरिंग, कंप्रेसर, होल्डर, मायक्रोमीटर, बोअर गेज. ऑक्टोबर संपला तेव्हा दोन मशिनी झाकपाक उभ्या होत्या, पूजा झाली, पेढे वाटले, आणि करंट अकाउंटला साधारण ६० हजार उरले होते.

पहिलं बिल २८ नोव्हेंबरला केलं. पीओवर, म्हणजे कंपनीच्या खरेदी ऑर्डरवर, लिहिलं होतं ६० दिवस. मी २८ जानेवारी धरून चाललो. पण ते दिवस बिलाच्या तारखेपासून मोजत नाहीत, त्यांच्या स्टोअरला माल उतरून जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) पडला की तिथून मोजतात. आणि ६० दिवस भरले तरी पैसे त्या दिवशी निघत नाहीत, महिन्यातून दोनदा पेमेंट रन असतो त्यात तुमचा नंबर लागायला लागतो. पहिला पैसा खात्यात पडला ११ फेब्रुवारी २०१९ ला. ७५ दिवस. ही तारीख मी विसरणार नाही कारण मधे ७ डिसेंबर, ७ जानेवारी, ७ फेब्रुवारी असे तीन पगाराचे दिवस येऊन गेले होते. डिसेंबरचा पगार क्रेडिट कार्डावर निभावला. जानेवारीत बायकोच्या पाटल्या सोनेतारणात गेल्या. माझा सेटर लातूरकडचा, त्याचे पैसे गावाला गेले नाहीत तर तिकडे घर अडतं, त्याला मी 'पुढच्या आठवड्यात बघू' कुठल्या तोंडाने सांगणार होतो.

त्या वेळी महिन्याला दोन्ही मशिनी दोन शिफ्ट चालल्या तर बिल व्हायचं २ लाख ४० हजाराच्या आसपास. हप्ता, भाडं, तिघांचे पगार, लाईट, इन्सर्ट, कूलंट, टेम्पो सगळं मिळून १ लाख ६८ हजार. घरखर्च ४०. कागदावर दर महिन्याला तीसेक हजार उरतात. म्हणजे धंदा नफ्यात होता आणि तरी पाटल्या गहाण होत्या. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे मला नोकरीत कधीच कळलं नसतं.

दुसरी गोष्ट जीएसटीची. ह्यावर कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. बिल केलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला त्याचा जीएसटी सरकारला भरायचा, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. पण नवीन मशिन घेतली की तिच्यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम आपल्याला भरायच्या जीएसटीतून वजा होते. माझं ४ लाख ३२ हजाराचं क्रेडिट जमा होतं, त्यामुळे वर्षभर २० तारखेला खिशातून काही जायचंच नाही. मला वाटलं गाडी रुळावर आली. त्या जोरावर मी एक माणूस वाढवला, मुलीला चांगल्या क्लासला घातलं. २०१९ च्या डिसेंबरात क्रेडिट संपलं आणि एकदम दर २० तारखेला ३५ हजार बाहेर जायला लागले, तेही असे पैसे जे अजून माझ्या हातात आलेलेच नव्हते. त्यात २०१९ मध्ये गाड्यांचा खप पडलेला, चाकणच्या कंपन्या महिन्यातले काही काही दिवस प्लांट बंद ठेवत होत्या, आम्हाला शेड्यूल अर्ध्यावर. आणि मग मार्च २०२०.

त्याबद्दल जास्त लिहीत नाही, सगळ्यांनी भोगलंय. दोन महिने शटर खाली. मोरॅटोरियम घेतला, हप्ते थांबले पण व्याज चढतच होतं. नंतर सरकारच्या हमीवर बाकी कर्जाच्या २० टक्के जादा कर्ज मिळायची स्कीम आली त्यात मला तीन लाखांच्या आसपास मिळाले, त्यावर पुन्हा उभा राहिलो. माझ्या रांगेतले दोन गाळे मात्र उघडलेच नाहीत.

मी वाचलो ते गिऱ्हाईक बदललं म्हणून. ऑटोचं काम तीस टक्क्यांवर आणलं. पॅकेजिंग मशिनरी बनवणारे, पंपवाले, डेअरीची मशिनरी करणारे अशा छोट्या कंपन्या धरल्या. क्वांटिटी कमी, रोज सेटिंग बदलायला लागतं, ऑपरेटर वैतागतात, पण पैसे ३० दिवसांत आणि दोन जण तर अर्धे ॲडव्हान्स देतात. आज कुणी नवीन काम घेऊन आला की ड्रॉइंग उघडायच्या आधी मी विचारतो, पेमेंट किती दिवसांनी आणि दिवस कुठून मोजणार. रेट नंतर.

आज पाच मशिनी, नऊ माणसं. २०१८ ला हातात ७८ हजार यायचे, तेवढे घरी न्यायला मला २०२३ उजाडलं. पाच वर्षं. हा आकडा त्या तिघांना सांगितला तेव्हा फोनवर तिघेही गप्प झाले, म्हणून इथे ठळक सांगतो.

विचारा काही असेल तर. गुरुवारी आमच्या एमआयडीसीत सुट्टी असते, तेव्हा निवांत उत्तरं देईन.

रानवाट:
एका दमात वाचलं. जीएसटी क्रेडिटचा मुद्दा तर कुठेच वाचला नव्हता.
माझी केस सांगतो. वय ३८, हिंजवडीत आयटी, १४ वर्षं. घराचा हप्ता ३४ हजार, दोन मुलं, बायको सध्या नोकरी करत नाही. छोट्या वर्कशॉपसाठी स्टॉक, डिलिव्हरी चलन, जॉबवर्कला (दुसऱ्याकडून काम करून घ्यायला) बाहेर पाठवलेला माल ह्याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर शनिवार-रविवारी बनवलंय, दोन जण वापरतायत, पैसेही देतात थोडे. पण वीकेंडला जे होतंय त्यातून घर चालणार नाही आणि पूर्णवेळ दिल्याशिवाय ते वाढणार नाही, ह्या चक्रात दीड वर्ष गेलं. नोटीस पीरियड ९० दिवस. किती पैसे साठवून सोडावं? सगळे म्हणतात सहा महिन्यांचा खर्च. खरंच तेवढा पुरतो का?

शिरोलीकर:
मायक्रॉनभाऊ लई मनापासनं लिहिलंय. आमची कोल्हापूरला फौंड्री हाय, वडलांनी काढलेली. ते मोल्डर (साचे करणारे) म्हणून नोकरीला होते, सोडून शेड टाकली. आमच्यात अजून एक गंमत न्हाई तर गळफास आहे बघा, पिग आयर्न, स्क्रॅप, कोक हे रोखीत नाहीतर ॲडव्हान्समध्ये घ्यायचं आणि कास्टिंग, म्हंजे ओतीव माल, ९० दिवसांच्या उधारीवर द्यायचं. म्हंजे गिऱ्हाइकाला आम्ही बिनव्याजी कर्ज देतोय आणि तेच कर्ज आम्ही बँकेकडनं व्याजानं आणतोय. वडील सांगायचे की भट्टी लावायच्या आदी उधारीची वही वाचायची. मी इंजिनियर होऊन आलो तवा मला ते जुनाट वाटायचं. आता मीच रोज सकाळी वाचतो.

हिशेबनीस:
सीए आहे, माझे बरेच क्लायंट भोसरी-चाकणचे. मायक्रॉन यांनी अनुभव मांडलाय, कायद्याची बाजू थोडी भर घालतो.
उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करा, ती फुकट आहे, पोर्टलवर स्वतः होते, त्यासाठी एजंटला हजार दोन हजार देऊ नका. नोंदणी असलेल्या मायक्रो आणि स्मॉल उद्योगाचे पैसे करार असेल तर करारात लिहिलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असा २००६ चा एमएसएमई कायदा आहे. म्हणजे पीओवर ९० दिवस लिहिले तरी कायद्यापुढे ते ४५च. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, तेही महिन्याला चक्रवाढ, व्याज लागतं. सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. हे उत्पादन आणि सेवा दोन्हीला आहे, त्यामुळे रानवाट तुम्हालाही लागू होईल. नुसती ट्रेडिंग करणाऱ्यांना नाही.
शिवाय १ एप्रिल २०२४ पासून इन्कम टॅक्समध्ये ४३बीचं एच कलम आलं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. त्यामुळे मार्च आला की आता मोठ्या कंपन्यांचे अकाउंटवाले स्वतःहून उद्यमचं सर्टिफिकेट मागतात. बिलावर उद्यम नंबर छापाच.
आणि राजीनामा द्यायच्या आधी करायचं काम. स्वतःची हेल्थ पॉलिसी नोकरीत असतानाच काढा. कंपनीचं ग्रुप कव्हर नोकरीबरोबर जातं, आणि नवीन पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना वेटिंग पीरियड असतो, तो नोकरीतच उलटू द्या. तसंच कुठलंही मोठं कर्ज काढायचं असेल तर सॅलरी स्लिप आहे तोवर काढा, नंतर बँक दोन-तीन वर्षांचे धंद्याचे रिटर्न मागते.

मायक्रॉन:
हिशेबनीस साहेब, खूप आभार. हेल्थ पॉलिसीचं लिहायचं राहिलं होतं, आम्ही ती सोडल्यानंतर काढली आणि बायकोचा थायरॉईड वेटिंगमध्ये अडकला.
४५ दिवसांच्या कायद्याबद्दल माझा अनुभव लिहितो. कायदा चांगला आहे, पण माझं ८० टक्के काम एकाच कंपनीकडून येत होतं तेव्हा मी तिच्याविरुद्ध तक्रार करणार होतो का? तक्रार केली असती तर व्याज मिळालं असतं आणि पुढची पीओ गेली असती. जेव्हा माझे अकरा गिऱ्हाईक झाले आणि कुणाचाच वाटा पंचवीस टक्क्यांच्या वर राहिला नाही तेव्हा कुठे मी मेल लिहिला, त्यात कायद्याचं कलम घातलं, आणि पैसे सहा दिवसांत आले. म्हणजे कायदा वापरायची ताकदसुद्धा गिऱ्हाईक वाढवल्यावर येते.

रानवाट, सहा महिन्यांचा खर्च ह्या आकड्यावर माझा विश्वास नाही कारण त्यात तुमच्या गिऱ्हाइकाचा विचारच नाही. मी असं मोजतो. पहिलं बिल व्हायला किती महिने लागतील ते प्रामाणिकपणे लिहा आणि दुप्पट करा. त्यात बिल ते पैसे हे दिवस मिळवा. त्यावर एक महिना. जे येईल त्याला धंद्याचा आणि घराचा मिळून महिन्याचा जो खर्च आहे त्याने गुणा. माझं बिल दोन महिन्यांत झालं, दुप्पट चार, पैसे यायला अडीच, वर एक, साडेसात महिने. गुणिले २ लाख ८ हजार. साडेपंधरा लाख हातात पाहिजे होते आणि होते ६० हजार. नवीन व्हीएमसीच्या ऐवजी जुनी घेतली असती तर हे पैसे जवळपास राहिले असते. जुन्या मशिनवर सुद्धा जॉब टॉलरन्समध्ये (मापाच्या ठरलेल्या मर्यादेत) निघतात, मला हे माहीत होतं, पण मला नवीन मशिन पाहिजे होती.

परतीचा_पाऊस:
मी दुसऱ्या बाजूने लिहितो. २०२१ मध्ये कॉर्पोरेट नोकरी सोडून बाणेरला क्लाउड किचन (फक्त घरपोच ऑर्डरचं स्वयंपाकघर) काढलं होतं. १४ महिन्यांनी बंद केलं, ११ लाख गेले, परत नोकरी धरली.
जेवण चांगलं होतं. रेटिंग ४.३ होतं. पण माझी जवळजवळ सगळी ऑर्डर ॲपवरून यायची, आणि कमिशन, जाहिरात, डिस्काउंटमधला माझा वाटा असं सगळं धरून बिलाचा साधारण तिसरा हिस्सा तिकडेच जायचा. रेस्टॉरंटचा जीएसटी ५ टक्के पण त्यात क्रेडिट मिळत नाही, म्हणजे भाडं, पॅकिंग ह्यावर भरलेला टॅक्स पदरचाच. भाजी-चिकन रोखीत. मी पहिल्या तीन महिन्यांत हिशेब बसत नाही हे बघितलं होतं आणि तरी पुढे अकरा महिने ढकलले, कारण घरी, सासरी, जुन्या टीममध्ये सगळ्यांना सांगून बसलो होतो. त्या अकरा महिन्यांचं मला वाईट वाटतं, धंदा बंद केल्याचं नाही.
परत नोकरी शोधताना बायोडेटामध्ये ते १४ महिने लपवले नाहीत. मुलाखतीत सरळ सांगितलं काय केलं, का बंद केलं. तिसऱ्या ठिकाणी मिळाली, पगार सोडला होता त्याच्यापेक्षा थोडा कमी. सोडायच्या आधी एक आकडा कागदावर लिहून ठेवा की एवढे पैसे गेले की थांबायचं. आणि तो कागद घरात दुसऱ्या कुणाकडे तरी द्या, स्वतःजवळ ठेवू नका.

अबोली:
पाऊस, शेवटच्या वाक्यासाठी तुमचे मनापासून आभार. मला ह्याच विषयावर लिहायचं होतं.
माझ्या नवऱ्याचं पॅनल वायरिंगचं वर्कशॉप आहे, मी शाळेत शिकवते. चार वर्षं घर माझ्या पगारावर चाललं. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, आम्ही दोघांनी ठरवलं होतं आणि मला ते पुन्हा करायला लागलं तरी करेन. पण पहिली दोन वर्षं तो मला आकडे सांगायचा नाही. विचारलं की होईल गं, येतायत पैसे. मला टेन्शन नको म्हणून सांगत नव्हता हे मला कळायचं, पण त्याचं टेन्शन मला दिसत होतं की, रात्री अडीचला उठून गॅलरीत उभा राहायचा, आणि आकडा माहीत नसल्यामुळे मी मनात त्याच्या दसपट धरून बसायचे. एका दिवाळीत कामगारांचा बोनस द्यायचा होता आणि त्याने माझ्या खात्यातले पैसे मागितले, ते मी दिले, पण तेव्हा मी म्हटलं आता वही दाखव. रात्रभर बसलो. येणं साडेनऊ लाख होतं आणि देणं पावणेसात. मी रडले कारण मला वाटत होतं पंचवीस-तीस लाखांचं कर्ज झालंय.
तेव्हापासून दर रविवारी सकाळी चहाबरोबर येणं आणि देणं दोघं मिळून लिहितो. तगाद्याचे फोन सुद्धा आता मी करते. मला ते जमतं, आवाज न चढवता रोज एकाच वेळी फोन करायचा एवढंच. रानवाट, तुमच्या मिसेस नोकरी करत नाहीत म्हणून त्यांना ह्यातून बाहेर ठेवू नका. त्यांना विचारा, त्यांना वहीत घ्या.

धुकं_मावळातलं:
सगळं वाचून वाटतं की आपल्या मराठी माणसाला धंदा जमतच नाही, आपण नोकरीतच बरे. रिस्क आपल्या रक्तात नाही.

शिरोलीकर:
धुकं, तुमचा राग समजतो पण हे वाक्य मला पटत न्हाई. शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजी एकदा येऊन बघा, फौंड्री, मशिन शॉप, लूम, किती जणांच्या पाट्यांवर आपली आडनावं हायत. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते, बढती डावलली म्हणून नोकरी सोडली आणि बेळगावला भावाच्या सायकलच्या दुकानात आले. मग लोखंडी नांगर केला तर लोक म्हणायचे लोखंडानं जमीन नासते, दोन वर्षं नांगर खपला न्हाई. पुढं औंधच्या राजांनी जागा दिली म्हणून १९१० ला किर्लोस्करवाडी झाली. आम्ही पोरांना त्यांची जिद्द सांगतो, ती हायच, पण ती दोन वर्षं काढली कशी आणि पाठीशी कोण उभं राहिलं ते पण सांगाय पायजे. रक्ताचा प्रश्न न्हाई भावा. वाट बघायला पैसा कुणाकडं हाय त्याचा प्रश्न हाय.

मायक्रॉन:
शिरोलीकर, अगदी. मी शॉपमध्ये मारवाडी, पटेल शेजाऱ्यांकडून एक गोष्ट शिकलो, त्यांच्यात कुणाचं पेमेंट अडकलं तर मामा, साडू, गाववाला कुणीतरी पंधरा दिवसांसाठी चार लाख फिरवतो आणि कुणी चारचौघांत बोलत नाही. माझ्या भावाने ३ लाख दिले तर ते बारशाला, लग्नाला, सगळीकडे निघायचे. भाऊ चांगला आहे, पैसे त्याने दिले हेच मोठं. पण उधार-उसनवार म्हणजे लाज अशी जी आपल्या घरात भावना आहे ना, तिच्यामुळे माणूस वेळेवर मागत नाही आणि मग शेवटी पाटल्या काढतो. आता आम्ही रांगेतल्या पाच गाळेवाल्यांनी एकमेकांत असं फिरवायला सुरुवात केलीय, दोन वर्षं झाली, अजून कुणी कुणाचे बुडवले नाहीत.

रानवाट:
एक विचारायचं राहिलं. माझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये लिहिलंय की सोडल्यावर एक वर्ष ह्याच क्षेत्रात काही करायचं नाही. ह्याचं काय?

हिशेबनीस:
१८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ बघा, धंदा करायला मनाई करणारा करार आपल्याकडे साधारणपणे टिकत नाही. पण नोकरी चालू असताना बाहेरचं काम करणं आणि कंपनीची गोपनीय माहिती, कोड वापरणं हे वेगळे विषय आहेत, तिथे कंपनी तुम्हाला पकडू शकते. तुम्ही ते सॉफ्टवेअर वीकेंडला केलंत, पण लॅपटॉप कुणाचा होता? लेटरमध्ये नोकरीच्या काळात बनवलेल्या गोष्टींवर कंपनीचा हक्क असं कलम आहे का? सोडायच्या आधी वकिलाला लेटर दाखवा, दोन-चार हजार जातील पण दाखवा.

मायक्रॉन:
मी निघताना एकही ड्रॉइंग आणलं नाही, आणि पहिलं वर्षभर जुन्या कंपनीच्या व्हेंडरांच्या गिऱ्हाइकांकडे गेलो नाही. कायद्यासाठी नाही. आठ वर्षं त्या लोकांनी मला शॉपमध्ये सगळं उघडून दाखवलं होतं, तेच घेऊन त्यांच्याच पोटावर कसा येऊ. आज त्यातलेच दोघे जादाचं काम माझ्याकडे पाठवतात.

रानवाट:
लॅपटॉप स्वतःचा होता, पण कलम आहे. वकिलाकडे शनिवारी जातोय.
काल रात्री बायकोबरोबर बसलो, तिला हा सगळा धागा वाचायला दिला. मायक्रॉन यांच्या पद्धतीने मोजलं, धंद्याचा खर्च कमी आहे माझा, घर धरून महिन्याला ९० हजार, पण पहिलं नीट बिल व्हायला चार महिने, दुप्पट आठ, पैसे यायला दीड, वर एक. साडेदहा महिने, साडेनऊ लाख. आमच्याकडे चार आहेत. म्हणजे आत्ता नाही. तिने माझ्यापेक्षा लवकर बेरीज केली आणि स्वतःच म्हणाली मी दोन तासांची ट्यूशन सुरू करते, तू अजून चार वर्कशॉप मिळव, दीड वर्षाने परत वही उघडू. खरं सांगायचं तर वाईट वाटलं, पण झोप लागली.

मायक्रॉन:
दीड वर्ष जास्त नाही, मी सतरा वर्षांनी निघालो. एक सांगू का, तुमचं गिऱ्हाईक म्हणजे माझ्यासारखे लोक. आमच्यातल्या कित्येकांना पैसे ७५ दिवसांनी येतात, मग तुम्हाला दर महिन्याला वेळेवर कोण देणार? महिन्याचं बिल ठेवूच नका, वर्षाचे एकदम सुरुवातीला घ्या, हवं तर रेट कमी करा. आणि जॉबवर्कला बाहेर पाठवलेल्या मालाचा हिशेब म्हणताय ना, त्यात माझ्याकडे खरंच गोंधळ आहे, प्लेटिंगला पाठवलेले १४० तुकडे दिवाळीपासून सापडत नाहीयेत.

शॉपवर या एकदा, मिसेसना पण आणा. येणार असाल तर सात तारखेला या, पगाराचा दिवस असतो, सगळ्या वह्या टेबलावर असतात. सात गुरुवारी आली तर सहाला.